ऋतिका शिगवण यांच्याकडून

ऋतिका कर्जात राहिली, तर हरेशला महिन्याला अकराशे रुपये सुटणार होते. कर्जातून सुटली, तर शून्य. हिशेब दुसरीतल्या पोराला जमेल इतका सोपा. हरेश तर गणितात पक्का होता. घोटाळा झाला तो दुसरीकडेच.

विरार पश्चिमेला, बोळींजकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं ‘जिजाई झेरॉक्स’ नावाचं दुकान. रिचार्ज, प्रिंट, पासपोर्ट फोटो, मोबाईलच्या काचा. हे सगळं पाटीवर लिहिलेलं. पाटीवर न लिहिलेला धंदा एकच, कार्ड फिरवण्याचा. क्रेडिट कार्डाचं बिल भरायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने शेवटच्या तारखेला हरेशकडे यायचं. हरेश आपल्या खात्यातून बिल भरणार. पैसे बँकेला पोचले की कार्डाचं लिमिट पुन्हा मोकळं होणार. मग तेच कार्ड दुकानातल्या मशीनवर घासून तो आपले पैसे वसूल करणार, वर शेकडा अडीच. त्यातला मोठा वाटा मशीनवाले नेत, बाकी हरेशचा. बँकांना हे पसंत नाही, पण बँकांना विचारतंय कोण? बिल भरलं जातं आणि कर्ज जिथल्या तिथं राहतं. ओझं उतरत नाही, नुसता खांदा बदलतो.

ऋतिका त्या दिवशी खरं तर प्रिंट काढायला आली होती. ऑगस्टची पाच तारीख होती. बाहेर पावसाची रिपरिप, आत झेरॉक्स मशीनची ऊब. तिच्या पुढचा माणूस कार्ड आणि पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवून निघून गेला. ती प्रिंट विसरून बघत राहिली. मग तिने पर्समधून आपलं कार्ड काढलं... परत ठेवलं... परत काढलं.

“किती आहे?” हरेशने वर न बघता विचारलं.

“एक लाख वीस.”

आता त्याने वर बघितलं. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी. ओल्या केसांना क्लिप, डोळ्यांखाली स्क्रीनचा थकवा. अंगावर दागिना नाही, हातात महागडा फोन नाही. एक लाख वीस हजार गेले कुठे, ते काही दिसत नव्हतं.

“कार्ड ठेवा, पिन लिहून द्या आणि सहाला या.”

“पिन नाही सांगणार.”

“सगळे सांगतात, मॅडम.”

“म्हणूनच सगळे इथे येतात.”

हरेशला हसू आलं, ते त्याने काउंटरखाली काहीतरी शोधण्यात दडवलं. “मग थांबावं लागेल. लिमिट मोकळं होईपर्यंत. कधी अर्धा तास, कधी तीन.”

“थांबते.”

“स्टूल एकच आहे. माझं.”

“मग तुम्ही उभे राहा.”

आणि तो उभा राहिला. धंद्यात पहिलं नुकसान असं नकळत होतं.

ऋतिका बोळींजच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर एकटी राहत होती. वडील निवृत्त झाले आणि आई-वडील गुहागरकडच्या गावी परतले. भाऊ पुण्यात. फ्लॅट वडिलांनी घेतलेला, त्यामुळे भाड्याची चिंता नव्हती. काम घरूनच होतं, एका विमा कंपनीसाठी हॉस्पिटलची बिलं तपासायची. लोकांच्या आजारांची बिलं दिवसभर तपासायची आणि ते लोक कधी दिसायचे नाहीत. समोरच्या फ्लॅटला कुलूप, शेजारच्या फ्लॅटमध्ये बूट बाहेर असायचे पण माणसं नसायची. कधी कधी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण तोंडातून एकही शब्द काढलेला नाही. मग ती आईला फोन करायची. आई म्हणायची, “इथे रेंज नाही गो, उद्या बोलू.”

सप्टेंबरच्या पाच तारखेला ती पुन्हा आली. या वेळी हरेशने दुसरं स्टूल आणून ठेवलं होतं. “गिऱ्हाइकांसाठी,” तो म्हणाला. इतर गिऱ्हाइकं आठ वर्षं उभीच होती.

त्याने बिल भरलं. दहा मिनिटांत ऋतिकाच्या फोनवर बँकेचा मेसेज आला, पैसे मिळाले म्हणून. तिने तो वाचला आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

“आला का मेसेज?”

“नाही अजून.”

हरेशने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं, मान खाजवली. “बँकवाले पण ना... चहा सांगू?”

त्याच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, ते त्याने सांगितलं नाही. ते तूर्त उधारीत ठेवू.

बाहेर, दुकानाच्याच पत्र्याखाली, हरेशची आई जिजा भाजी घेऊन बसायची. वैतरणेच्या खाडीला लागून खार्डीत त्यांचं घर, भाताची दोन खाचरं, पडवीमागे मळा. शिराळी, माठ, थंडीत वालाच्या शेंगा, आणि टोपलीच्या कोपऱ्यात सुकटीचा वाटा. जिजाला अक्षर वाचता येत नव्हतं. माणसं मात्र लांबून वाचता यायची.

“काय रं, एका कार्डाला एवढा येळ?” ती बाहेरून ओरडली. “आमच्या टायमाला एवढ्यान बालंतपन व्हयाचा.”

ऋतिका मोठ्याने हसली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. किती दिवसांनी ऐकला होता तिने तो आवाज.

असा ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. महिनाभर ऋतिका बिलं तपासायची आणि पाच तारखेची वाट बघायची. कर्जबाजारी माणूस हप्त्याच्या तारखेला घाबरतो. ही त्या दिवशी केस धुवायची. हरेशही त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि वर म्हणायचा, आज बँकेत काम होतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. जिजाला आठवत होतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेला खाडीकडून गार वारा सुटला होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोन मांडीवर नेहमीसारखा पालथा.

“एक विचारू?” हरेश म्हणाला. “घेतलंस काय एवढं? सोनं नाही, गाडी नाही. फिरायला गेलेलीही दिसत नाहीस.”

“मिक्सर घेतला.”

“एक लाख वीसचा?”

“दोन मिक्सर. पाय दाबायचं मशीन. पडदे. इडलीपात्र. बेडशीट... खूप बेडशीट.” ती नखाने स्टुलाचा रंग खरवडत होती. “सहा जणांचा डिनर सेट.”

“घरी सहा जण आहेत?”

“मी कढईतच जेवते.”

हरेश गप्प राहिला. बोलतं करायचं असेल तर आधी आपण गप्प बसावं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. पण आता तो शिकवणीने गप्प नव्हता.

“बरेचसे खोके मी फोडलेच नाहीत,” ती म्हणाली. “मला वस्तू नको असतात, हरेश. बेल हवी असते. बेल वाजते, दार उघडते, कोणीतरी विचारतं, ऋतिका मॅडम? मी म्हणते, हो. तो म्हणतो, ओटीपी सांगा. मी सांगते. कधी कधी मुद्दाम चुकीचा सांगते, म्हणजे तो परत विचारेल.” ती हसली, पण हसू पुरलं नाही. “एवढंच. दिवसभरात एवढंच बोलणं होतं.”

हरेशने ड्रॉवर उघडला, बंद केला. मग मशीन पुढे सरकवलं. “पिन टाक,” तो म्हणाला. मेसेज आला का, ते त्या दिवशी त्याने विचारलंच नाही.

जानेवारीच्या पाच तारखेला ती आली तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती.

“तुझं कार्ड मी आता फिरवणार नाही,” तो म्हणाला.

“का?”

“पाच महिन्यांत मला पंधरा हजार दिलेस. कर्ज एक रुपयाने कमी झालं? अशी पाच वर्षं येत राहशील, आणि मी घेत राहीन.” सगळं पाठ केल्यासारखा तो भराभर बोलत होता. “आमच्या गावात पतपेढी आहे. तेरा टक्क्यांनी कर्ज देतात. शंभर रुपये भरून नाममात्र सभासद व्हायचं. त्या पैशांत कार्ड एकदाच भरून टाक, कार्ड कापून टाक. महिन्याला दहा हजार आणि व्याज भरलंस, तर वर्षभरात मोकळी. जास्तीचे आले तर मधे कधीही भरता येतात.”

“आणि?”

“आणि दोन जामीनदार लागतात. बस.”

ऋतिका त्याच्याकडे बघत राहिली. “दोन माणसं?”

“दोनच.”

“माझ्याकडे दोन माणसं असती, हरेश... तर हे कर्ज झालं असतं का?”

रस्त्यावरून रिक्षा गेली. जिजाने बाहेर वालाच्या शेंगा निवडायच्या थांबवल्या.

“एक मी राहतो,” हरेश म्हणाला.

“यात तुला काय मिळणार?”

“नुकसान. महिन्याला अकराशे.”

“मग कशाला?”

खरं उत्तर जिभेवर होतं. पण धंद्यातली माणसं खरा भाव कधी आधी सांगत नाहीत, आणि सवय घात करते. “असंच,” तो म्हणाला. “बरं नाही वाटत. तुझी... तुझी हालत ऐकून.”

दया आली म्हणजे माणसाचा भाव ठरला, असं ऋतिकाला वाटायचं. तिने कार्ड उचललं. “मला गिऱ्हाईक म्हणून येऊ द्यायचं नसेल तर सरळ सांग. माझी हालत मी बघते.”

“ऋतिका, ऐक—”

पण ती पायरी उतरली होती.

त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, दुसरा एक कार्ड फिरवणारा होता. तो शेकडा तीन घ्यायचा. “पिन लिहा,” तो म्हणाला. ऋतिकाने लिहिला. “सहाला या.” तिथे स्टूल नव्हतं. चहा नव्हता. तिचं नावही त्याने विचारलं नाही. कार्डावर होतं.

दुपारचे दोन वाजले होते. हातात अख्खी दुपार होती आणि तिचं काय करायचं, ते कळत नव्हतं. ती घरी आली. हॉलमध्ये भिंतीला लागून खोके रचलेले होते, छताच्या निम्म्यापर्यंत. प्रत्येकावर छापील पट्टी... ऋतिका शिगवण, बोळींज, विरार पश्चिम. एकाच माणसाचं नाव इतक्या वेळा. तिने एका खोक्यावर डोकं टेकलं. दहा मिनिटांनी फोनवर मेसेज वाजला, पैसे मिळाले म्हणून. तो पालथा घालायला समोर कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात तिने काही मागवलं नाही. बेल वाजली नाही. सातव्या दिवशी सकाळी ती रिक्षा करून दुकानापाशी उतरली, हरेशने दुकान उघडायच्या आधी, आणि थेट जिजाच्या टोपलीपुढे उकिडवी बसली.

“मावशी, दुसरे जामीनदार तुम्ही राहाल?”

जिजाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “जेवलीस का गो बाय?”

“नाही.”

“मंग आधी जेव.” तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. “अंगठा काय, कवापन देईन. माजा अंगठा उपाशी पोरीला नाय चालत.”

ऋतिका रस्त्यावर बसून जेवली. चौदाव्या मजल्यावर कधी लागली नव्हती अशी भूक लागली.

जेवता जेवता तिने खोक्यांचं सांगितलं. परत घ्यायची मुदत सगळ्यांची उलटून गेलेली. जिजाचे डोळे चमकले. पुढे चार महिने लगीनसराई होती आणि खाडीकाठच्या गावांत हळदीला आहेर जोरात असतो. मांडवात माईकवर नाव पुकारून आहेर सांगतात, त्यामुळे कोणी हलकी वस्तू देत नाही. बायकांना कोऱ्या वस्तू हव्याच असतात, दुकानापेक्षा चार पैसे कमी पडले तर अजून बरं.

“दे धाडून,” जिजा म्हणाली. “पन वरचा कागद फाडू नको. फाडला का बाया म्हनतील, वापरलेला हाय.”

पतपेढीत एका बाजूला जिजाचा अंगठा उमटला, दुसऱ्या बाजूला हरेशने सही केली. ऋतिका आणि तो एकमेकांकडे न बघता शेजारी बसले होते. फेब्रुवारीच्या पाच तारखेला कार्डाचं बिल भरलं गेलं, पहिल्यांदा मशीन न घासता. हरेशने स्क्रीनगार्ड कापायची कात्री तिच्या हातात दिली. कार्ड चिवट निघालं, दोनदा निसटलं.

“पिन सांगू आता?” तिने विचारलं.

“आता सांगून काय... मेलेल्याची जन्मतारीख.”

दोघं हसली. मग दोघांनाही एकदमच आठवलं, की पुढच्या पाच तारखेला यायचं काही कारण उरलेलं नाही. ऋतिकाने तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. “येते,” म्हणाली. हरेशने मान हलवली. दुसरं स्टूल संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. मग त्यावर एका गिऱ्हाइकाने पिशवी ठेवली, आणि हरेशने ती त्याला खाली ठेवायला लावली.

मार्चची पाच तारीख. चौदाव्या मजल्यावर बेल वाजली.

महिन्याभरात पहिल्यांदाच. ऋतिका आधी जागची हललीच नाही. काही मागवलं नव्हतं. मग दार उघडलं. समोर हरेश, इस्त्रीचा शर्ट, हातात लिफाफा.

“ऋतिका मॅडम?”

“हो...”

“ओटीपी सांगा.”

तिने दाराची चौकट धरली. नाही तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

“आईने दिलेत,” लिफाफा पुढे करत तो म्हणाला. “साडेसहा हजार. एक मिक्सर गेला, थोड्या बेडशीट गेल्या. हळूहळू जातंय सामान.”

“आत ये.”

“नको, स्कूटर खाली आहे.”

एप्रिलच्या पाच तारखेला पुन्हा बेल, पुन्हा साडेसहा हजार. स्कूटर खालीच होती, पण तो पाणी प्यायला आत आला. मे महिन्यात चहा घेतला, आणि खिडकीतून खाडीची चंदेरी रेघ दिसते का ते बघत बराच वेळ उभा राहिला. ती दिसत नव्हती, मधे टॉवर होते. ऋतिका दर वेळी पैसे घेऊन लगेच पतपेढीत भरायची. कर्ज उतरत होतं. आणि ते उतरत चाललंय, खोके संपत आलेत, याची तिला रोज रात्री भीती वाटायची. पूर्वी महिन्यात वीस वेळा बेल वाजायची आणि घर रिकामंच असायचं. आता एकदा वाजायची, आणि उरलेले दिवस त्या एका दिवसाभोवती फिरायचे. त्याने काही म्हटलं नव्हतं. तिनेही नाही. आजवर तिने जे जे मागवलं, ते पैसे टाकून मागवलं होतं. फुकटात काही मागायचं कसं, ते तिला येत नव्हतं.

मे महिन्याच्या मध्यावर खार्डीत जिजाच्या पुतणीची हळद होती. जिजाने निरोप धाडला, “पोरीला सांग, उपाशी ये.”

दिवस मावळताना ऋतिका मांडवात पोचली. पिवळे कपडे, बेंजोचा आवाज, वाऱ्यावर मिठागराचा खारट वास, आणि शे-दोनशे माणसं सगळी एकमेकांना ओळखणारी. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. गर्दीतलं एकटेपण घरातल्यापेक्षा जड असतं. घरी निदान कोणी बघत नाही.

मग आहेर सुरू झाला. माईकवर एक काका होते, चष्मा कपाळावर. पहिले दोन-तीन आहेर नीट गेले. मग त्यांच्यापुढे एक खोका आला. देणाऱ्या बाईने आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती, पण घामाने ती केव्हाच सुटून पडली होती. वर मोठ्या छापील अक्षरांत एकच नाव होतं. काकांनी चष्मा खाली ओढला.

“ऋतिका शिगवण, बोळींज यांच्याकडून... मिक्सर!”

बेंजोवाल्याने एक ठोका दिला. ऋतिका ताठ झाली. पुढच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्याही तशाच गळल्या होत्या.

“ऋतिका शिगवण, बोळींज यांच्याकडून... पाय दाबायचं मशीन!”

मांडवात कुजबुज झाली. मिक्सर दिलेली बाई उठून उभी राहिली. “ओ काका, तो माजा हाय!” पण बेंजोपुढे तिचं कोण ऐकणार.

“ऋतिका शिगवण यांच्याकडून... इडलीपात्र! ऋतिका शिगवण यांच्याकडून... परत ऋतिका शिगवण... बेडशीट!” काकांचाच आवाज आता भरून आला होता. “मंडळी, एका माणसाचे इतके आहेर आपल्या गावात कधी झाले नाहीत. टाळ्या!”

टाळ्या पडल्या. दार बंद केलेल्या दुपारी, कोणाच्या तरी तोंडून एकदा ऐकायला मिळावं म्हणून विकत घेतलेलं ते नाव खाडीपर्यंत दुमदुमलं.

“कोन गो ही रुतिका?” मागून एक म्हातारी विचारत होती. “कोनाची हाय?”

जिजा हळदीचा हात पदराला पुसत उभी राहिली. “माजी हाय,” ती म्हणाली. “आनि कागद फाडू नको मीच सांगलेला. मना कुठं वाचता येतंय?”

मांडव हसून हसून वाकला. कोणीतरी ऋतिकाच्या दोन्ही गालांना हळद फासली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, हळद डोळ्यांत जात होती. हसू ओसरल्यावर तिने जिजाला विचारलं, “मावशी, अजून काय विकायचं राहिलंय?”

“राहिला काय? माघातच समदा गेला. सव्वीस हजार मोजून हरेशच्या हातान दिलं.”

माघ. म्हणजे फेब्रुवारी.

हरेश मांडवामागे पाण्याच्या पिंपापाशी ग्लास भरत होता. ती समोर येऊन उभी राहिली, पिवळ्या तोंडाची.

“सव्वीस हजार फेब्रुवारीत आले होते.”

ग्लास भरून वाहू लागला. “...हो.”

“आणि तू दर महिन्याला साडेसहा आणत होतास. हळूहळू जातंय सामान.”

“हो.”

“तेरा टक्के व्याज चालू असताना.”

“किती पडलं जास्त?” त्याने खाली बघत विचारलं.

बिलं तपासणाऱ्या मुलीला कागद लागत नाही. “मे धरून चारशे बावीस.”

“वळते करून घे.”

“का केलंस असं?”

“एकदम दिले असते तर...” तो थांबला. बेंजो थांबला नव्हता, तरी त्याला वाटलं सगळे ऐकतायत. “तर एकदाच बेल वाजवता आली असती.”

त्याच्या हातातला वाहणारा ग्लास तिने घेतला, नळ बंद केला.

“तुझंही एक आहे माझ्याकडे,” तो जरा धीर करून म्हणाला. “सप्टेंबरपासूनचं. दहा मिनिटांत मेसेज यायचा तुला. माझ्याकडे पण दिसायचं. दर वेळी तीन तास मशीन अडवून ठेवलंस, गिऱ्हाइकं परत गेली.”

“माहीत होतं तुला?”

“मग चहा कशाला सांगत होतो?”

तिने ग्लास त्याला परत दिला. मग म्हणाली, “पुढच्या पाच तारखेला शेवटचे साडेसहा आणशील ना?”

“उद्याच देतो. आत्ता देतो. घरात आहेत.”

“नको. पाच तारखेलाच आण.” मग, अगदी हळू, “आणि सहालाही ये. सातलाही. ...मला मागायला नीट येत नाही, हरेश.”

त्याने आपल्या बोटांनी तिच्या गालावरची थोडी हळद काढली आणि स्वतःच्या गालाला लावली. खाडीकाठी एवढ्याने भागतं. मांडवातून जिजाचा आवाज आला, “पानी आनतंय का खाडी आटवतंय?”

डिसेंबरमध्ये पतपेढीचा शेवटचा हप्ता गेला. त्या रविवारी जिजा पहिल्यांदा चौदाव्या मजल्यावर आली. लिफ्टमध्ये तिने हरेशचा दंड घट्ट धरला होता, आणि हरेशच्या हातात एक खोका होता. वरचा कागद शाबूत, पट्टी जागच्या जागी. ऋतिका शिगवण, बोळींज.

“हा विकला नव्हता?” ऋतिकाने विचारलं.

“इकला ना. मीच घेतला. बावीसशे त्याच सव्वीस हजारान टाकलं.” जिजा खाली बसकण मारत म्हणाली. “सहा जनांचा सेट, बोलला हा. एकट्या पोरीचं घर हाय, सहा जनांचा सेट दुसऱ्याच्या हळदीला कशाला द्यायचा? म्हनून ठेवला. आता फाड कागद.”

ऋतिकाने कागद फाडला. तीन ताटं लागली. तिघंही जेवली. तीन ताटं कोरी राहिली.

आता अखेरचा हिशेब. मुद्दल एक लाख वीस हजार, ऋतिकाने भरलं. कार्ड फिरवण्याचे अठरा हजार सहाशे आणि पतपेढीचं सहा हजारांवर थोडं व्याज, तेही तिनेच. त्या व्याजातले चारशे बावीस हरेशच्या खाती मांडलेत, तो ते नाकारत नाही. हरेशला पाच महिन्यांत मिळाले साडेपाच हजार, वर्षभरात गेले तेरा हजार दोनशे. शिवाय त्याने तो धंदा बंद केला. मशीन परत गेलं, स्टूल मात्र दोन आहेत.

आणि बावीसशे जिजाने भरले. ते ऋतिकाने दोनदा लिफाफ्यात घालून दिले. जिजाने दोनदा परत केले. म्हणाली, कोरी तीन ताटं भरा, मग फिटलं.